भात्यावरचा हात

शहापूरहून मुरबाडकडे निघालेली एसटी किन्हवली मागे टाकून सरळगावच्या दिशेला लागते, त्या टापूत आमचं गाव आहे. नाव सांगून फारसा उपयोग नाही. कंडक्टरलाही ते दोनदा सांगावं लागतं. गावात मारुतीचं देऊळ, देवळात एक लोखंडी कपाट आणि कपाटात भजनी मंडळाची पेटी. लावणीच्या दिवसांत तिच्याकडे कुणी फिरकत नाही. श्रावण लागला की कपाट उघडतं. एका श्रावणात ते उघडलं तेव्हा पेटीच्या भात्याला मुठीएवढं भोक होतं आणि आत उंदराची चार पिल्लं डोळे मिटून पडली होती. भाताच्या मुलखात उंदरानं भाताही सोडला नाही, असं कुणीतरी म्हणालं आणि पेटीमास्तर सोडून सगळे हसले.

मास्तरांनी पेटी पारावर आणली, स्क्रू काढले, वरची फळी उचलली. मी जवळ बसून बघत होतो. इतकी वर्षं ऐकलेली पेटी आतून बघायची ती पहिलीच वेळ. ओळीनं बसवलेल्या पितळी पट्ट्या, प्रत्येक पट्टीत एक चीर आणि चिरेवर एका टोकाला खिळवलेली पातळ पितळी जीभ. कारागीर या पट्टीलाच ‘सूर’ म्हणतात. हे पालिताण्याचे सूर, ते जर्मन, अमुक बुवांच्या पेटीत पॅरिसचे आहेत, असं बोलणं चालतं. एक सूर मंद झाला होता. मास्तरांनी तो उपसून काढला, दात घासायच्या जुन्या ब्रशनं जिभेवरचा हिरवट थर झाडला आणि ब्लेडनं टोकाशी अगदी हलकेच खरवडलं. टोक हलकं झालं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. जास्त खरवडलं तर सूर फेकून द्यावा लागतो. मास्तर दर दोन-तीन घासांनंतर पट्टी तोंडाला लावून फुंकत होते आणि डोळे मिटून ऐकत होते.

हे चाललं असताना पाराच्या कडेला बसलेल्या एका पोरानं मोबाइलवर काहीतरी लावलं. वसंतराव देशपांडे गात होते. दोन मिनिटं गेली असतील. मास्तरांचा ब्रश थांबला. म्हणाले, “गाणं राहू दे. पेटी कुणाची ती बघ.” पोरानं बघून सांगितलं, “पु. ल. देशपांडे.” आणि लगेच, “म्हणजे ते ‘म्हैस’वाले?”

‘म्हैस’वालेच. एसटी ही ज्यांच्या रोजच्या जगण्यातली गोष्ट आहे, त्या आमच्या तालुक्यांत रस्त्यात म्हशीला ठोकरलेल्या गाडीची ती कथा पाठ असलेली माणसं गावोगाव सापडतील. पण त्या माणसाची पेटी फारशी कुणी कान देऊन ऐकलेली नसते. ‘पु. ल. पेटीही छान वाजवायचे’ या वाक्यातला ‘ही’ मला नेहमी खटकतो. जणू लिहून, बोलून, हसवून झाल्यावर उरलेल्या वेळेत केलेला तो उद्योग. मला उलटंच वाटतं. तो माणूस आधी साथीदार होता, त्याचा विनोद मागाहून आला आणि त्या विनोदातही साथच आहे.

हे नीट कळायचं तर पेटी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, ते आधी बघायला हवं. हे वाद्य आपलं नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यानं १८४२मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते पायानं हवा भरायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं वाद्य. आपल्याकडे बैठक जमिनीवर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढले, भाता मागच्या बाजूला आणला आणि तो डाव्या हाताला दिला. पायपेटी संगीत नाटकाच्या खड्ड्यात राहिली आणि हातपेटी घराघरांत, देवळादेवळांत शिरली.

बाहेरचा भाता हवा भरतो, आतला भाता ती साठवतो. आतल्या भात्याला स्प्रिंग असते, ती हवेवर दाब ठेवते. पट्टी दाबली की तिच्या मागचं झाकण उघडतं, हवा जिभेखालून सुटते आणि जीभ थरथरते. जिभेची लांबी-जाडी ठरलेली, म्हणून सूरही ठरलेला. सप्तकात बारा सूर, दोन सुरांच्या मध्ये काही नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, सारंगीवर बोट घसरतं, तीच मींड. पेटीवर मधे पायरी आहे, उतार नाही. त्यातून दुसरी अडचण अशी की पट्टी जोरात दाबा की हळू, सूर तेवढाच वाजतो. पियानोत बोटाच्या जोरावर हातोडी तारेवर आपटते, म्हणून पियानोवाल्याचा सगळा जीव बोटांत असतो. पेटीवाल्याची बोटं फक्त दारं उघडतात. आवाज लहान-मोठा करणं, सूर फुलवणं, विझवणं हे सगळं भात्यावरच्या हातात. म्हणून पेटी शिकायला गेलेलं पोर उजव्या हाताकडे बघतं आणि जाणता माणूस डाव्या हाताकडे.

या पायऱ्यांपायी पेटीला मोठा वनवास भोगावा लागला. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, अशी तक्रार देशी-विदेशी जाणकार करत होते. रवींद्रनाथ टागोरांचाही तिला विरोध होता. अखेर १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी केली. पुढे बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीतही ज्यांना रेडिओवर नको होतं, ते पेटीसाठी दार कशाला उघडतील? थेट १९७१पर्यंत ही बंदी राहिली, आणि तेव्हाही ती साथीपुरतीच सैल झाली. गंमत अशी की पन्नासच्या दशकात पु. ल. याच आकाशवाणीत नोकरीला होते. महाराष्ट्रातला एक रसाळ पेटीवाला रोज ज्या इमारतीत कामाला जात होता, तिथे पेटीलाच प्रवेश नव्हता. या प्रसंगावर त्यांनी कितीही विनोद केले असते तरी तो प्रसंगच त्यांच्या विनोदांना पुरून उरला असता.

महाराष्ट्रानं मात्र पेटी सोडली नाही, कारण इथे तिला नाटकानं आणि भजनानं दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. १९११च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नाणावलेले पेटीवादक. पुढे विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी एकाहून एक माणसं झाली. पु. ल. या रांगेतले पूर्णवेळ पेटीवादक नव्हेत आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही. पण त्यांचे कान याच रांगेत घडले. ८ नोव्हेंबर १९१९चा जन्म, लहानपण जोगेश्वरी-पार्ल्यात, पेटीचे धडे दत्तोपंत राजोपाध्यांकडे. पार्ल्याच्या टिळक मंदिरात पोरवयात त्यांनी साक्षात बालगंधर्वांपुढे पेटी वाजवली होती आणि शाबासकी मिळवली होती. ज्याच्या कानांवर त्या वयात गंधर्वांची नाट्यपदं पडतात, त्याला पुढे शब्द कुठे थांबवायचा ते वेगळं शिकवावं लागत नाही.

चाली बांधणारे पु. ल. आपल्याला माहीत असतात, फक्त ते पु. ल. आहेत हे माहीत नसतं. १९५३च्या ‘देवबाप्पा’मधलं ‘नाच रे मोरा’ आमच्या अंगणवाडीत अजून रोज होतं. मंगेश पाडगावकरांच्या शब्दांवरचं, जितेंद्र अभिषेकींनी गायलेलं ‘शब्दावाचून कळले सारे’ त्यांचंच. माणिक वर्मांचं ‘कबिराचे विणतो शेले’ही त्यांचंच. आणि सप्ताहात आमचे बुवा डोळे मिटून जे ‘इंद्रायणी काठी’ म्हणतात, ते तर गावातल्या अर्ध्या लोकांना एखाद्या संताचा जुना अभंगच वाटतो. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, गळा भीमसेन जोशींचा, चाल पु. ल. देशपांड्यांची, भीमपलासात बांधलेली. आणि सिनेमा कुठला? ‘गुळाचा गणपती’, १९५३. कथा, संवाद, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका, सगळं एकाच माणसाचं, म्हणून ज्याला ‘सबकुछ पु. ल.’ म्हणतात तो. एका भाबड्या, लोकांच्या हसण्याचा विषय झालेल्या माणसाच्या सिनेमातलं गाणं टाळकऱ्यांनी उचललं आणि देवळात नेऊन ठेवलं. चालकाराला याहून मोठं पारितोषिक मला सुचत नाही. चाल इतकी लोकांची झाली की मालकाचं नावच गळून पडलं.

पण चाल बांधणं आणि साथ करणं ही दोन वेगळी कामं. साथ म्हणजे काय ते मी एकदा मार खाल्ल्यासारखं शिकलो. आठवी-नववीत असेन. मास्तर लग्नाला गेले होते, म्हणून भजनाला पेटीवर मला बसवलं. मला चार अभंगांच्या चाली येत होत्या आणि बोटं पळत होती. बुवांनी तोंड उघडायच्या आत मी पुढची ओळ वाजवत होतो, त्यांनी श्वास घेतला की मधल्या जागेत माझी कारागिरी ठोकून बसवत होतो. दुसऱ्या अभंगाला बुवांनी गाता गाताच हात लांब केला आणि माझा भाता दाबून बंद करून टाकला. पुढचं कडवं पखवाज आणि टाळांवर झालं. नंतर ते एवढंच म्हणाले, “बाळा, मला पण जरा गाऊ दे की.”

त्या दिवशी पारावर मोबाइलमधून जे ऐकू येत होतं, ते माझ्या त्या पराक्रमाच्या बरोबर उलट होतं. वसंतराव देशपांड्यांची गायकी साथीदाराची परीक्षा घेणारी. तान कुठून उठेल आणि कुठे कोसळेल याचा भरवसा नाही. मधेच वाट सोडून भलत्याच पट्टीत उडी, लगेच माघारी. अशा गळ्यामागे पेटीनं सगळं जसंच्या तसं वाजवायला घेतलं तर ती धापा टाकत पळताना ऐकू येते. पु. ल. पळत नाहीत. मास्तरांनी मला दाखवून दिलं: तान उठते तेव्हा पेटी हलकी होते, जवळजवळ नाहीशीच. तान संपायला येते तेव्हा शेवटचे तीन-चार सूर गळ्याला खेटून येतात, नुसता हात दिल्यासारखे. समेवर दोघं एकदम. मग वसंतराव श्वास घेतात, त्या फटीत पेटी त्यांच्याच वाक्याचा शेपटाचा तुकडा परत म्हणते, पण पूर्ण नाही, अर्धा. उरलेला अर्धा गायकानं उचलावा म्हणून.

“हा माणूस गाणाऱ्याच्या श्वासावर बसलाय,” मास्तर म्हणाले.

आणि त्या पायऱ्यांचं काय? तिथे हातचलाखी आहे, चांगल्या अर्थानं. पहिली पट्टी सोडायच्या आधी किंचित दुसरी दाबायची, दोन्ही सूर केसभर एकात एक शिरू द्यायचे आणि नेमक्या त्याच क्षणी भात्याचा हात सैल करायचा. दाब उतरतो, पायरीची कड बोथट होते आणि कानाला वाटतं, सूर घसरला. प्रत्यक्षात काही घसरलेलं नसतं. मींड न निघणाऱ्या वाद्यावर मींडेचा भास उभा करणं हे पेटीवाल्याचं अर्धं आयुष्य खातं. जे प्रत्यक्षात नाही ते समोरच्याच्या डोक्यात पुरं करून घ्यायचं, ही कला. विनोद तरी दुसरं काय करतो?

अशी माणसं बाहेरही झाली. इंग्लंडचा डडली मूर आपल्याकडच्या इंग्रजी सिनेमे बघणाऱ्यांना १९८१च्या ‘आर्थर’मधला दारुडा श्रीमंत म्हणून माहीत असेल. हा बुटका, एका पायानं अधू असलेला मुलगा ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजात ऑर्गन वाजवण्याच्या शिष्यवृत्तीवर शिकला. १९६०मध्ये ‘बियाँड द फ्रिंज’ या प्रहसनानं तो गाजला, पण त्याचं जॅझ त्रिकूट स्वतंत्रपणे नावाजलेलं होतं: पियानोवर तो, जोडीला बास आणि ड्रम. अमेरिकेचा एरल गार्नर आणि कॅनडाचा ऑस्कर पीटरसन या पियानोवाल्यांचा त्याच्यावर मोठा प्रभाव. त्याच्याही वाट्याला तो ‘ही’ आला: पियानोही छान वाजवतो. त्याचा एक गाजलेला प्रकार होता. एक साधी लष्करी शीळ घ्यायची, ती बेथोव्हेनच्या थाटात वाजवत न्यायची आणि शेवट करायचाच नाही. संपलं संपलं म्हणताना आणखी एक शेवट, त्यावर आणखी एक. लोक हसून लोळत. पण बेथोव्हेन शेवट कसे करतो ते बोटांत मुरल्याशिवाय ते न संपवणं जमत नाही. आपल्याकडे कीर्तनकाराच्या लांबलेल्या समारोपाची नक्कल करणाऱ्यालाही कीर्तन यावंच लागतं.

जॅझची गोष्ट इथे आणखी एका कारणासाठी कामाची. जॅझमध्ये सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाला आयत्या वेळी रचत पुढे जातो आणि पियानोवाला मागून थोडे थोडे सूर सोडत राहतो. लिहून दिलेलं काही नसतं. कुठे टेकू द्यायचा, कुठे गप्प बसायचं, कुठे एखादा अनपेक्षित सूर टाकून पुढच्याला डिवचायचं, हे त्या क्षणी कानानं ठरतं. नोटेशन समोर ठेवून वाजवणाऱ्या पाश्चात्त्य वाजंत्र्यापेक्षा हा पियानोवाला आमच्या पेटीमास्तरांना जास्त जवळचा. दोघांचंही काम ऐकण्याचं, वाजवणं त्यानंतर. फरक असलाच तर हा: डडली मूर किंवा डेन्मार्कचा व्हिक्टर बोर्ग यांनी विनोद पियानोवर आणून बसवला. बोर्ग तर पियानोपुढे बसून वाजवण्यापेक्षा न वाजवण्याचीच गंमत करायचा. मी ऐकलेल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत पु. ल. पेटीवर बसले की विनोद करत नाहीत. एखादी खोडकर जागा येते, गायकाला खुलवणारी, तेवढीच.

विनोद तिथे नाही, पण साथ विनोदात आहे. ‘व्यक्ती आणि वल्ली’ उघडा, ज्याला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रत्नागिरीचा अंतू बर्वा बोलतो, बोलतो आणि बोलतो. समोर बसलेला लेखक काय करतो? एखादा ‘म्हणजे?’, एखादा छोटा प्रश्न, एखादं हुं. पानंच्या पानं गाणं अंतूशेटचं, मागचा सूर पु.लंचा. लेखकानं मधे पडून स्वतःची कोटी मारली असती तर त्या खवचट म्हाताऱ्याच्या तोंडचं कारुण्य उमटलंच नसतं. लग्नघरातला नारायण घ्या, चितळे मास्तर घ्या, ‘गणगोत’मधले गाण्यावर जीव टाकणारे बेळगावचे रावसाहेब घ्या. मुख्य गळा नेहमी दुसऱ्याचा. पु. ल. त्याची पट्टी ओळखतात, म्हणजे तो काळी दोनमध्ये बोलतो की पांढरी पाचमध्ये ते आधी लावून घेतात आणि मग त्याच्या मागे बसतात.

कथाकथनाच्या ध्वनिफिती ऐकताना एक प्रयोग करून बघण्यासारखा आहे. शब्दांकडे लक्ष देऊ नका, थांबण्यांकडे द्या. ‘म्हैस’मध्ये पाच-सहा माणसं एकाच गळ्यातून बोलतात आणि प्रत्येकाची लय वेगळी. हशा येतो, तो कोसळू लागला की ते बोलत नाहीत. तो पुरता ओसरायच्या आत, अजून थोडी हवा शिल्लक असताना, पुढचं वाक्य सुरू होतं. हशा पूर्ण मेल्यावर सुरू केलं तर प्रत्येक वेळी नव्यानं ओढत न्यावं लागतं, फार आधी केलं तर शब्द बुडतात. आतल्या भात्यात हवा किती उरली आहे याचा अंदाज घेत बाहेरचा भाता हलवणाऱ्या माणसाची ही सवय आहे, असं मी म्हणतो. सिद्ध करता येणार नाही. पण मास्तरांना सांगितलं तेव्हा ते मान डोलावून म्हणाले, “भाता रिकामा होऊ द्यायचा नसतो, आणि फुगवून फाडायचाही नसतो.”

त्यांनी स्वतःच्या भात्याला मात्र त्या दिवशी ठिगळच लावलं. भोकाच्या कडा कापून सारख्या केल्या, आतून कापड, वरून मेंढीच्या कातड्याचा तुकडा आणि भरपूर सरस. पिल्लं पोरांनी करवंटीत घालून गवतात नेऊन ठेवली. सरस वाळायला हवेत दोन दिवस, पण श्रावणातल्या दमट हवेत चार लागले. शनिवारी पेटी देवळात बसली. बाहेर माहुलीच्या बाजूनं आलेला पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळे पहिला गजर कुणालाच नीट ऐकू आला नाही. रूपाचा अभंग झाला, गवळण झाली, मग बुवांनी ‘इंद्रायणी काठी’ धरलं. मी मास्तरांच्या डाव्या हाताकडे बघत होतो. बुवा ओळ संपवून श्वासाला थांबले की तो हात जवळजवळ मिटायचा, पाकळी मिटावी तसा, आणि पेटीतून एकच बारीक षड्ज येत राहायचा.

भजन संपलं, प्रसादाचं ताट फिरायला लागलं आणि लक्षात आलं की पेटी थांबलेली नाही. ओलसर हवेनं लाकूड फुगलं होतं, शेवटी दाबलेली काळी चार तशीच खाली अडकून बसली होती. मास्तरांचे दोन्ही हात प्रसादात. “राहू दे,” ते म्हणाले, आणि भात्यातली हवा संपेपर्यंत तो एक सूर देवळात वाजत राहिला.